जुन्या फर्ग्युसनची बॅटरी रात्रीत उतरते, तापल्यावर इंजिन बंद पडते : मार्गदर्शन हवे

प्रश्न (औसा, जि. लातूर)

नमस्कार. आमच्याकडे आजोबांच्या काळातला, पेट्रोल-रॉकेलवर चालणारा फर्ग्युसन टीई-20 ट्रॅक्टर आहे. वडिलांनी तो जिवापाड सांभाळला आणि आजही वखराच्या पाळीला आम्ही तोच जुंपतो. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून 12 व्होल्टची नवी बॅटरी बसवून घेतली आणि तेव्हापासून दोन तक्रारी सुरू झाल्या. संध्याकाळी उभा केलेला ट्रॅक्टर सकाळी सेल्फ घेत नाही, कारण बॅटरी पूर्ण उतरलेली असते. शिवाय, तासभर काम झाले की इंजिन फटफट करत बंद पडते आणि अर्ध्या तासाने निवल्यावर पुन्हा सुरू होते. आणखी एक गोष्ट विचित्र वाटते. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावला, तर अ‍ॅमीटरचा काटा चार्जच्या बाजूला सरकतो. दुकानदार बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याच कामाचा नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा म्हणतात. मूळ डायनामो ठेवून हे दुरुस्त होईल का?

उत्तर (लातूर, निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन)

आपल्या प्रश्नातले शेवटचे निरीक्षण सर्वांत मोलाचे आहे. दिवा लावल्यावर बॅटरीतून करंट बाहेर जातो, म्हणजे काटा डिस्चार्जकडेच गेला पाहिजे. तो उलट जात असेल, तर बॅटरीच उलटी जोडलेली आहे. कॉव्हेंट्रीत 1946 ते 1956 या काळात बनलेल्या या ट्रॅक्टरांना प्लस अर्थ असे, म्हणजे बॅटरीची प्लस वायर बॉडीला लागे. आजच्या सर्व गाड्यांना मायनस अर्थ असल्याने दुकानात सवयीने तशी जोडणी झाली असावी. सेल्फची मोटर दोन्ही जोडण्यांत त्याच दिशेने फिरते, म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

उलट्या जोडणीत कटआउट (डायनामो व बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) लागताच डायनामो आणि बॅटरी एकमेकांना पूरक न राहता एका सर्किटमध्ये जोडीने करंट ढकलतात, त्यामुळे कटआउटचे पॉइंट जळून चिकटतात. चिकटलेल्या पॉइंटमधून रात्रभर बॅटरी डायनामोत रिकामी होत राहते. आधी बॅटरी सोडवा, कटआउटचे झाकण काढून पॉइंट मोकळे आहेत का पाहा, चिकटले असतील तर सोडवून बारीक कानशीने साफ करा. मग प्लस बॉडीला लावून बॅटरी जोडा. इंजिन बंद असताना डायनामोच्या डी (करंट बाहेर देणारे टोक) आणि एफ (चुंबकाच्या गुंडाळीचे टोक) या दोन्ही वायरी काढा, आणि बॅटरीच्या मायनसकडून आलेली वायर एफला क्षणभर टेकवा, म्हणजे डायनामोची चुंबकीय दिशा नीट बसेल. त्यानंतर डी व एफ एका तारेने जोडून, मीटरची लाल वायर बॉडीला आणि काळी त्या तारेला लावून, इंजिन हळू फिरवा. व्होल्टेज झपाट्याने चढले, तर डायनामो निरोगी आहे. 20 व्होल्टच्या वर मात्र जाऊ देऊ नका. मीटरवर काही न मोजता सुटे भाग बदलत बसणे मला मुळीच पटत नाही.

उत्तर (परभणी)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. इंजिन बंद पडण्याचे मूळही काही अंशी तिथेच असू शकते. कॉईलची (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) वायर तशीच राहून बॅटरी उलटली, की प्लगवर ठिणगी उलट्या दिशेने पडते आणि तिला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे भाराखाली आणि तापल्यावर आधीच कमजोर झालेली कॉईल हात टेकते. प्लस अर्थ पूर्ववत केल्यावर कॉईलचे एसडब्ल्यू टोक स्विचकडे आणि सीबी टोक डिस्ट्रिब्युटरकडे असल्याची खात्री करा.

तरीही बंद पडले, तर त्याच क्षणी एका प्लगची वायर कोरड्या लाकडाने धरून तिचे टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारा. टाकी व कार्बोरेटर यांच्यापासून दूर राहा. निळी, कडक ठिणगी पडली तर दोष इंधनाचा. पिवळट किंवा नुसतीच चमक दिसली तर कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला जोडलेला छोटा भाग) किंवा कॉईल संशयित. कंडेन्सर स्वस्त असतो, म्हणून तो आधी बदला. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळलेले असतील तर नवे घालून अंतर 0.25 ते 0.30 मिलिमीटर ठेवा.

प्रश्नकर्ता (औसा)

काका, आपण म्हणालात तेच निघाले. बॅटरी उलटी होती आणि कटआउटचे पॉइंट चिकटलेले होते. ते सोडवल्यावर डायनामोने व्होल्टेज लगेच दाखवले. आता दिवा लावला की काटा डिस्चार्जकडे जातो, इंजिन चालू असताना चार्जकडे येतो आणि बॅटरी रात्रभर टिकते. परवा मात्र सव्वा तासाने इंजिन पुन्हा बंद पडले. परभणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले तेव्हा ठिणगी पिवळी होती. कंडेन्सर व पॉइंट बदलून काल दिवसभर वखर चालवला, एकदाही थांबला नाही. दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना फार समाधान वाटले.

उत्तर (लातूर)

फार छान. बॅटरीच्या पेटीवर लाल रंगाने ‘प्लस बॉडीला’ असे लिहून ठेवा. कधी शेजारच्या नव्या ट्रॅक्टरवरून वायरी लावून सुरू करायची वेळ आली, तर दोन्ही ट्रॅक्टरांच्या बॉडी किंवा अवजारे एकमेकांना टेकू देऊ नका, कारण त्याची बॉडी बॅटरीच्या मायनसला आणि आपली प्लसला जोडलेली आहे.