बारावीनंतर नगर नियोजन घ्यायचंय, घरचे सिव्हिल म्हणतात

मळ्यातली_आडगाव

नमस्कार. मी यंदा बारावी सायन्सला आहे, गणित घेतलंय. आमचा मळा आडगाव शिवारात, नाशिक महापालिकेच्या हद्दीत. आधी द्राक्षं होती, आता टोमॅटो आणि थोडा मका. २०१७ च्या विकास आराखड्यात आमच्या गटाच्या एका कोपऱ्यावर मैदानाचं आरक्षण पडलंय आणि बांधाच्या कडेनं डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यातला नियोजित रस्ता दाखवलाय. तेव्हा मी लहान होते, पण घरात रात्रंदिवस तोच विषय असायचा. मागच्या वर्षी बाबांनी भाग नकाशा काढून आणला, तेव्हा तो पहिल्यांदा नीट पाहिला. हिरवा चौकोन आणि त्यात एक नंबर. तो आमच्याच गटात का, शेजारच्या का नाही, हे ठरवतात कसं ते मला शिकायचंय.

याची चार वर्षांची पदवी असते, बी.प्लॅन., असं कळलं. बाबा म्हणतात सिव्हिल कर, नाशिकमध्येच राहशील, कामही मिळेल. मामा म्हणतात हे बिल्डरांच्या कामाचं शिक्षण. कोणी केलंय का हे? काय शिकवतात, गणित किती, नोकरी कुठे? आणि आमच्यासारख्या घरातल्या मुलीनं हे शिकावं का?

पंचवटीची_माधवी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शिकावं, आणि तुमच्यासारख्या घरातल्या मुलीनं तर नक्कीच शिकावं. मी पुण्यात नियोजनाची पदवी घेतली, पुढे एम.प्लॅन., म्हणजे त्यातलीच पदव्युत्तर पदवी केली, आता एका सल्लागार संस्थेत नगरपरिषदांचे विकास आराखडे करते.

तो हिरवा चौकोन कुठून येतो ते सांगते, त्यातच अभ्यासक्रमही कळेल. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीत सुमारे १४ लाख ८६ हजार लोक होते. शहरांचे आराखडे कसे करावेत यासाठीच्या केंद्र सरकारच्या यूआरडीपीएफआय मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. १० नं गुणलंस तरी दीड हजार हेक्टरच्या जवळ जातं. महापालिकेचं क्षेत्र साधारण २५९ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास २६ हजार हेक्टर. कागदावर आकडा सहज बसतो. पण भद्रकालीत, जुन्या नाशकात, गावठाणात मैदानाला जागा राहिलीच नाही. मोकळी जमीन दिसते ती आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डीच्या शिवारात. शहराची गरज मोजली जाते सगळ्यांची, आणि ती भागते मात्र काही मोजक्यांच्या सातबाऱ्यावर. शिवाय आराखडा आजच्या नव्हे, पुढच्या वीसेक वर्षांच्या लोकसंख्येसाठी असतो. तो अंदाज चुकला की आरक्षणं एक तर कमी पडतात, नाही तर उगाच कोणाची तरी जमीन अडकवून ठेवतात. म्हणून लोकसंख्याशास्त्र आणि सांख्यिकी हे विषय मन लावून शिकायचे. रोजच्या कामात मला कॅल्क्युलस लागत नाही, पण टक्केवारी, गुणोत्तरं आणि सर्वेक्षणाचे आकडे हाताखालून गेल्याशिवाय एकही दिवस जात नाही.

बाकी विषय: जमिनीचं अर्थशास्त्र, वाहतूक, पाणीपुरवठा, घरबांधणी, पर्यावरण, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं), प्रादेशिक नियोजन आणि कायदा. कायदा म्हणजे मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६. कलम २३ खाली आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, २५ खाली आहे तो जमीनवापर जागेवर जाऊन नोंदवतात, २६ खाली प्रारूप प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतात, २८ खाली नियोजन समिती त्या ऐकते, आणि ३१ खाली सरकार मंजुरी देतं. बाबांना कलम १२७ विचार. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण उठतं. तुमचा आराखडा २०१७ चा आहे, म्हणजे वेळ जवळ येतेय. कागद आत्ताच एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवा.

मामांना सांग, हरकतींच्या सुनावणीला मी अनेक गावांत बसले आहे. बिल्डरचा माणूस कलम, नियम, नकाशा सगळं घेऊन येतो. शेतकरी येतो तो फक्त उतारा घेऊन, आणि "साहेब, आमची एवढीच जमीन" इतकंच म्हणतो. दोघांचंही ऐकून घेतलं जातं, पण टिपणात उतरतं ते पहिल्याचं, कारण त्याचं म्हणणं टिपणाच्या भाषेतच असतं. ती भाषा तुला आली पाहिजे, आणि टेबलाच्या पलीकडे बसलीस तर उताऱ्यामागचा मळाही दिसला पाहिजे. हे पुस्तकातून येत नाही. तुझ्याकडे ते आधीच आहे.

खरा अभ्यास स्टुडिओत होतो. एक जागा घ्यायची, पायी फिरायची, मोजायची, लोकांशी बोलायचं आणि मग प्रस्ताव मांडायचा. नाशिकसारखं शहर त्यासाठी मिळणं भाग्याचं. तपोवनातलं साधुग्रामच घे, कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाची जागा. सिंहस्थ २०१५ ला झाला, आता २०२७ ला. लाखो लोकांसाठी काही महिने जागा, पाणी, शौचालयं, रस्ते लागतात आणि मधली अनेक वर्षं तीच जमीन रिकामी राहायला हवी असते. मग ज्याची ती जमीन आहे त्यानं तोवर काय करायचं? कायमची विकत घ्यावी, भाड्यानं घ्यावी की टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यावा? याचं सोपं उत्तर अजून कोणाकडे नाही, आणि मला वाटतं नियोजनाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं या प्रश्नावर एक तरी सत्र घालवावं.

तसाच सराफ बाजार. २००८ आणि २०१९ च्या पुरात तिथं पाणी शिरलेलं सगळ्यांनी पाहिलंय. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. रेषा आखणं अभियंत्याचं काम. त्या रेषेच्या आत पिढ्यान्‌पिढ्या वाड्यात राहणाऱ्यांना पडकं घर पुन्हा बांधू द्यायचं का, नाही तर त्यांनी जायचं कुठे, हा नियोजनाचा प्रश्न. सिव्हिल आणि प्लॅनिंगमधला फरक बाबांना असा समजावून सांग.

पगाराचं खरं सांगते. सल्लागार संस्थेत सुरुवात बेताची असते आणि बरीच कामं कंत्राटी असतात. जीआयएस चांगलं येणाऱ्याला लवकर काम मिळतं.

दुसऱ्या_वर्षाला

मी सटाण्याचा, सध्या प्लॅनिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रवेशाचं सांगतो. दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा पेपर २बी द्यावा लागतो. त्यात गणित, अभियोग्यता आणि नियोजनावरचे प्रश्न असतात. चित्रकला नाही, ती आर्किटेक्चरच्या २ए मध्ये. फॉर्म भरताना २बी निवडायला विसरू नकोस. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातही हा अभ्यासक्रम आहे, त्याचे नियम राज्याच्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघ.

पहिल्या वर्षी आम्हाला पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगर नियोजनकार शिकवले. १९१४ नंतर भारतातली कितीतरी गावं पायी फिरून त्यांनी अहवाल लिहिले, पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. आधी सर्वेक्षण, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. मी सुट्टीत घरी येताना द्वारका सर्कलला उतरतो, तेव्हा आता कोण कुठून येऊन कुठे वळतंय तेच मोजत उभा राहतो. ताई, तुला हे नक्की आवडेल.

सिव्हिलवाला_सातपूर

बाबांचं अगदीच चूक नाही. मी सिव्हिल केलं, मग गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंगचा पेपर देऊन एम.प्लॅन.ला गेलो. हा रस्ताही उघडा आहे. एमपीएससीच्या सहायक नगर रचनाकार पदाच्या जाहिरातीत सिव्हिलचे उमेदवारही पात्र असतात. घरची परिस्थिती बेताची असेल तर नाशकात राहून सिव्हिल आणि पुढे नियोजन, हा विचार करायला हरकत नाही.

मळ्यातली_आडगाव

सगळं बाबांना वाचून दाखवलं. १२७ चं ऐकून ते उठून कपाटातले कागद काढायला गेले. सिव्हिलवर ते अजून ठाम आहेत, पण २बी चा फॉर्म भर म्हणाले. माधवीताई, सिव्हिल करून मग वळलं तर काय बिघडतं?

पंचवटीची_माधवी

बिघडत काही नाही, आणि पैशाची अडचण असेल तर दादा म्हणतात तेच कर. पण तुला विचारायचं आहे ते "इथंच का?" हे. सिव्हिलची चार वर्षं "कसं बांधायचं?" यात जातील. मी तुझ्या जागी असते तर थेट नियोजनाला गेले असते.

परीक्षा होईपर्यंत एक काम कर. नकाशाबरोबर आराखड्याचा अहवालही असतो, तो मिळव. त्यात सोयीसुविधांचा तक्ता असेल, मैदानांची ओळ शोध. तुमच्या भागासाठी किती जागा धरली, लोकसंख्या किती मानली, ते लिहून काढ. मग आडगावात फिरून बघ, मुलं खेळतात कुठे, आणि त्यातल्या किती जागा त्या तक्त्यात आहेत. जे सापडेल ते इथं टाक, मी बघते.