आत्महत्या रोखण्याचं शिक्षण कॉलेजात सक्तीचं हवं का?

फोंड्याचा मास्तर
दर १० सप्टेंबरला, जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनी, आमच्या कॉलेजांत ठरलेलं असतं: एक पाहुणा, पोस्टर स्पर्धा, समोसा आणि फोटो. मुलं हजेरीपुरती बसतात. हे बंद करा. त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला तीन-चार तासांचं प्रशिक्षण द्या, तेही सक्तीनं. मित्र खचलाय हे कसं ओळखायचं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ कसं विचारायचं, पुढे कुणाकडे न्यायचं. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं. चांगलंच आहे. पण मूल आधी आमच्याकडे येतं की बाकावरच्या दोस्ताकडे?

साखळीची आई
सर, नसते विषय मुलांच्या डोक्यात का घालायचे? माझी मुलगी हळवी आहे. वर्गात सगळ्यांसमोर हे ऐकून ती घरी येऊन काय विचार करत बसेल, ते मला निस्तरावं लागेल.

पर्वरीची समुपदेशक
ताई, ही भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते. न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांत दोन हजारांवर मुलांचा अभ्यास झाला, २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना हा प्रश्न विचारला, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही. जी आधीच खचलेली होती, त्यांचा त्रास तर कमीच दिसला. घातक असतं ते वेगळंच: कुणी कसा जीव दिला याची वर्णनं, चिठ्ठ्या वाचून दाखवणं, गेलेल्याला हिरो करणं. पोस्टर स्पर्धेत फास काढलेली चित्रं मी स्वतः पाहिलीत. त्यांना बक्षीसही मिळतं!

पठारावरचा होस्टेलर
सर, तुमचा हेतू चांगला आहे, पण रात्री दोनला ‘कुणाला सांगू नको’ म्हणून मेसेज येतो तो आम्हाला. प्रशिक्षण दिलं की जबाबदारीही आमच्याच गळ्यात. उद्या काही झालं तर ‘तुला शिकवलं होतं ना?’ म्हणणार. आणि न्यायचं कुठे? काउन्सेलरची खोली ऑफिसला लागून. गोवा एवढंसं, शिपाई ओळखीचा, संध्याकाळपर्यंत गावात बातमी. बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळाचं नाव काढलं तर ‘पिसो जालो’, वेडा झाला, म्हणून मोकळे.

फोंड्याचा मास्तर
बाबा, तुला डॉक्टर कोण करतोय? विचारायचं, ऐकायचं, सोपवायचं. गुप्ततेचं वचन द्यायचंच नाही, हेच तर शिकवायचंय. रात्री दोनला टेली-मानसचा १४४१६ लागतो, चोवीस तास, मराठीतही. तुम्ही दोघांनी मिळून लावा. जीव आत्ताच धोक्यात वाटला तर ११२ लावायचा, वॉर्डनला उठवायचं आणि त्याला एकटं सोडायचं नाही.

साखळीची आई
आणि पोलीस केस?

पर्वरीची समुपदेशक
त्या भीतीनं लोक दवाखान्यात खोटं सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही.
मास्तर, तुमच्या बाजूनं एक पुरावा देते. युरोपातल्या दहा देशांतल्या शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन पाहिलं आणि थेट मुलांनाही. वर्षभरानंतर शिक्षकांच्या गटात लक्षणीय फरक नव्हता. मुलांच्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण ती पंधराएक वर्षांची मुलं होती, आणि कार्यक्रम भाषणाचा नव्हता, भूमिका करून पाहण्याचा होता. दीडशे मुलांच्या हॉलमध्ये माईकवरून तेच होईल असं मी म्हणणार नाही.

डिचोलीचा वाटसरू
सगळे उपाय मुलांनाच शिकवा! एटीकेटीचा निकाल लांबतो, फी भरली नाही म्हणून वर्गात नावं वाचतात, काणकोणचं पोर पहाटे कदंबा बस पकडून येतं आणि दहा मिनिटं उशीर झाला की हजेरी कापतात. आधी ऑफिसला शिकवा.

फोंड्याचा मास्तर
ऑफिससाठीच तर कोर्टाचा आदेश आहे, भाऊ. तो पाळला जातोय का, हे विचारायला चला, मी येतो. पण तोवर मुलं थांबत नाहीत.

पठारावरचा होस्टेलर
माझ्या अटी. वीस-वीसचे गट. हजेरीला मार्क नको. ज्याला नको वाटेल त्यानं कारण न सांगता उठून जावं. काउन्सेलरची खोली लायब्ररीच्या बाजूला हलवा.

साखळीची आई
मला अजून पटलेलं नाही. ठेवणार असाल तर आधी पालकांना बोलवा. शनिवारी, दुपारच्या आत.