मदत हवी आहे: शाळेच्या रिक्षात मुलं कोंबतात, काय करावं? (सांगली)

नमस्कार मंडळी, आम्ही विश्रामबागला राहतो, मुलगा तिसरीत आहे आणि शाळा मिरज रोडला, रिक्षा लावलीय. सोमवारी साहेब घरी आले ते एकाच पायात बूट घालून. विचारलं तर म्हणतो, "आई, मी काकांच्या शेजारी बसतो ना, पाय बाहेर होता, पडला बूट." माझ्या तर पोटात गोळाच आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम खाली जाऊन मोजलं, अकरा पोरं! दप्तरं बाहेर हुकाला लटकलेली, दोघं काकांच्या सीटवर अर्धे टेकलेले.

काका माणूस वाईट नाही हो, पोरांना जीव लावतात, पण म्हणतात कमी पोरं घेतली तर पैसे वाढवून द्या. त्यांचंही खोटं नाही, पण बाकीचे पालक तयार नाहीत, आणि शाळेत विचारलं तर "रिक्षा तुम्ही लावलीय, आमचा संबंध नाही."

नवरा म्हणतो की 2011 च्या राज्याच्या स्कूलबस नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि त्यात पालकांचा माणूस, ट्रॅफिक पोलीस, आरटीओवालेपण. आमच्या शाळेत कुणी नावही ऐकलेलं नाही.

तर सांगली-मिरजेत कुणी अशी समिती खरंच बसवून घेतलीय का? अर्ज शाळेला द्यायचा की थेट आरटीओला? आणि काकांचं पोट न मारता हे कसं जमवायचं? मी सकाळची सोडायला जाईन, दुपारचं ऑफिसमुळे जमत नाही. विश्रामबागमधून त्याच बाजूला कुणाची मुलं जात असतील तर चार-पाच जण मिळून वेगळी गाडी लावू, कमेंटमध्ये सांगा प्लीज.