जोडीदाराला आयसीयूत निर्णय घेता यावा म्हणून कोणते कागद लागतात?

सांजवेळ
दोघंही पुरुष, सत्तरी ओलांडलेले, पंचवीस वर्षं एका घरात. त्यांच्या लग्नाला कायद्यात जागा नाही. एकाचे भाऊ-पुतणे आहेत, पण जाणं-येणं नाही. कुलमुखत्यारपत्र नोटरी करून ठेवलंय. एक बेशुद्ध पडला तर दुसऱ्याची सही चालेल का?

कागदवाला
मुखत्यारपत्र ऐन वेळीच दगा देतं. करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते.

लिव्हिंग विल करा, दोघांचं वेगवेगळं. म्हणजे शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा नसली तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं इच्छापत्र. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकन एवढं पुरतं. पूर्वी न्यायदंडाधिकारी लागत. ऐन वेळी उपचार नाकारायला किंवा थांबवायला संमती कोण देणार, त्याचं नाव त्यात घालायचं असतं: जवळचा नातेवाईक किंवा गार्डियन. हा दुसरा शब्दच तुमच्या कामाचा. जोडीदाराचं नाव आधारवर आहे तसंच, गार्डियन म्हणून लिहा. नुसतं ‘मित्र’ नको. तोही सत्तरीचा, म्हणून एखाद्या तरुण माणसाचं नावही जोडा. साक्षीदार वारसांपैकी नसावेत.

वॉर्ड नंबर चार
खरी गफलत मजकुरात होते. ‘मला यातना नकोत’ यावरून डॉक्टरने काय करायचं? बरं होण्याची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय सुरू करणं, नळीने अन्न, प्रत्येकापुढे हो किंवा नको लिहा. दुखण्यावर आणि धापेवर मॉर्फिन हवं, हेही लिहा. मजकूर मोघम असला की हॉस्पिटलमधलं डॉक्टरांचं मंडळ तो बाजूला ठेवतं आणि नातेवाइकांना विचारतं. म्हणजे पुन्हा पुतण्याच!

आणि व्हेंटिलेटर त्याच दिवशी निघत नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञांचं पहिलं मंडळ, मग दुसरं. प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांना कळवतात.

सांजवेळ
आणि साधं ऑपरेशन असेल तर?

कागदवाला
शुद्धीत असलेल्या रुग्णाची स्वतःची सही पुरेशी आहे, ‘नातेवाईक आणा’ म्हटलं तरी. दाखल होतानाच ‘माझी माहिती अमुक यांना द्यावी’ असं केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहून घ्या. मानसिक आजाराच्या उपचारांपुरता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’, म्हणजे आपण निवडलेला माणूस, साध्या कागदावर नेमता येतो. नातं लागत नाही.

लिव्हिंग विलची प्रत गार्डियनना, फॅमिली डॉक्टरांना आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याला द्या. कपाटात कुलूपबंद प्रत रात्री दोन वाजता कुणाच्या उपयोगाची?

वॉर्ड नंबर चार
मृतदेहाचं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने राज्यांना कळवलंय की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला देह मागता यावा. मेख त्या ‘नसतील तेव्हा’मध्ये आहे. भावाशी थोडंफार बोलणं असेल तर ‘हरकत नाही’ असं पत्र आत्ताच घ्या.

ट्रान्स व्यक्तींनी जुनं आणि नवं, दोन्ही नावं कागदावर घालावीत. हॉस्पिटलची जुनी फाइल जुन्या नावाने सापडते. शेवटची अंघोळ कोण घालेल, कपडे कोणते, हेही लिहावं.