जळगावहून सवाई गंधर्व: शनिवार-रविवारात कसं बसवायचं?

गिरणाकाठ, जळगाव

राम राम मंडळी. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जायचं ठरतंय. आम्ही तिघं: मी, बायको आणि आई. आईचं वय ६८, गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, पण तिला एकदा तरी समोर बसून गाणं ऐकवायचं आहे. शनिवार-रविवार मोकळे आहेत, शुक्रवारी रजा मिळू शकते. सोमवारी सकाळी दहाला मात्र जळगावात कामावर हजर राहायचं आहे. गाडी कोणती धरावी, मुक्काम कुठे करावा, तिकीट खुर्चीचं घ्यावं की बैठकीचं, आणि दुपारपर्यंतच्या वेळात आईला झेपेल असं काय बघावं? माहीतगारांनी नीट सांगा.

पांझरा, धुळे

भाऊ, जायची गाडी नंतर बघा, आधी परतीची बघा. सवाईचा बेत फसतो तो तिथेच.

महोत्सव साधारणपणे बुधवार ते रविवार असा पाच दिवसांचा असतो. आठवड्यातल्या दिवशी दुपारी तीन-चारच्या सुमारास सुरू होतो, रविवारी दुपारी बाराला. संपायची वेळ रात्री दहा, कारण उघड्या जागेत ध्वनिक्षेपकाला तिथवरच मुभा. शनिवारी काही वर्षी खास परवानगी मिळते आणि मध्यरात्रीपर्यंत चालतं, ते त्या वर्षीच्या पत्रिकेत दिलेलं असतं.

आता पुण्याहून आपल्याकडे येणाऱ्या गाड्या घ्या. झेलम आणि आझाद हिंद संध्याकाळीच पुणे सोडतात. महाराष्ट्र एक्सप्रेस रात्रीची आहे, पण शेवटचा कलाकार रंगात यायची आणि ती गाडी गाठायला निघायची वेळ एकच पडते. महोत्सव भरतो त्या मुकुंदनगरपासून पुणे स्टेशन पाच-सहा किलोमीटर, रविवारी रात्री स्वारगेटची गर्दी, बरोबर आई. त्या गाडीच्या भरवशावर रविवारी शेवटपर्यंत बसू नका.

माझ्या मते तुम्ही शुक्रवारची पूर्ण रजा टाका. गुरुवारी संध्याकाळी जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरायची, ती पहाटे पुण्यात उतरवते. शुक्रवारी दुपारपर्यंत झोप, मग संध्याकाळ ऐकायची. शनिवार पूर्ण ऐकायचा. रविवारी सकाळीच खोली सोडून सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवायचं, बारा ते साडेतीन पहिले कलाकार ऐकायचे आणि संध्याकाळची गाडी पकडायची. ती जळगावला मध्यरात्रीनंतर सोडते, तेव्हा स्टेशनवर घ्यायला कुणीतरी येईल एवढं बघा. सोमवारी दहाला आरामात कामावर.

आरक्षणाचं: १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. कलाकारांची यादी यायची वाट बघत बसलात की गाडी वेटिंगला जाते. महोत्सवाच्या तारखा यादीच्या आधी कळतात, त्या कळल्या की लगेच रेल्वे काढून टाका. आईचं तिकीट वेगळं काढा आणि लोअर बर्थ / सीनियर सिटिझन कोटा निवडा. हा कोटा ४५ वर्षांवरच्या बायकांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना असतो, पण त्या एकट्या किंवा दोघीच एका तिकिटावर असल्या तरच. तिघांचं एकत्र काढलं तर कोटा धरला जात नाही आणि आईच्या नशिबी मधला बर्थ येऊ शकतो. तुमचं दोघांचं त्याच डब्यात बघा.

वाघूर, जामनेर

पांझरादादांनी गाडीचं नीट सांगितलं. मी गाण्याचं सांगते.

दिवस निवडताना नावांइतकंच घड्याळाकडे बघा. आपलं संगीत प्रहराला बांधलेलं आहे आणि सवाईत तो प्रहर मांडवात बसून कळतो. दुपारी तीन-चारला मुलतानी, भीमपलास, पटदीप हे राग ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. सूर्य कलला की मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन. नऊनंतर बागेश्री, मालकंस. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चालायचा, तेव्हा उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग तिथे व्हायचे. आता दहाच्या मर्यादेमुळे ते क्वचितच येतात. म्हणून रविवारी बाराची सुरुवात मला मोलाची वाटते. भर दुपारचे सारंग प्रत्यक्ष मैफलीत ऐकायला फार कमी मिळतात, कारण बहुतेक कार्यक्रम संध्याकाळी सहानंतरच असतात. रविवारी बारा ते साडेतीन बसायचा बेत त्यासाठीही चांगला आहे.

जागेचं. आईसाठी खुर्चीच, यात दुमत नको. भारतीय बैठक स्वस्त पडते आणि ऐकायला सुंदर असते, पण चार-पाच तास मांडी बदलत बसावं लागतं आणि उठताना आधाराला काही नसतं. तिघांनी एकाच प्रकारचं तिकीट घ्या. एकीकडे आई खुर्चीत आणि तुम्ही बैठकीत असं केलंत तर गर्दीत फोन लागत नाही आणि तिला बाहेर जायचं झालं तर कुणाला सांगणार? पाचही दिवसांची प्रवेशिका आणि एका दिवसाची वेगळी, अशा दोन्ही मिळतात. तुम्हाला रोजच्या घ्याव्या लागतील. शनिवारच्या प्रवेशिका सगळ्यात आधी संपतात, त्या विक्री सुरू होताच घ्या. ऑनलाइन घेतलेल्या तिकिटाचं चित्र फोनमध्ये साठवून ठेवा, फाटकावर नेटवर्क मिळेलच असं नाही.

अगदी पुढे बसायचा हट्ट नको. व्यासपीठाच्या बाजूच्या ध्वनिक्षेपकांच्या खांबाजवळ बसलात तर एकाच बाजूने तबला कानात आदळतो आणि तानपुरा हरवतो. मधल्या भागात, खांबांपासून लांब, आणि येण्याजाण्याच्या वाटेच्या कडेची खुर्ची मिळाली तर आईला पाय लांब करता येतो. त्यासाठी पाऊण तास आधी पोचा.

आणि उठायची वेळ सांभाळा. विलंबित ख्याल सुरू असताना रांगेतून बाहेर पडलं की आजूबाजूच्या दहा जणांचं ध्यान मोडतं. एक कलाकार उठून दुसऱ्याचे तानपुरे जुळेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात. चहा, स्वच्छतागृह, फराळ, पाय मोकळे करणं, सगळं त्यात बसवा. मात्र त्याच वेळी सगळा मांडव उठतो. आईला शेवटच्या भजनाच्या किंवा अभंगाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या, म्हणजे गाणं थांबताक्षणी निघता येईल.

पाटणादेवी, चाळीसगाव

रेल्वे मिळाली नाही तर काय, ते सांगतो.

खाजगी ट्रॅव्हल्स रात्री निघून पहाटे पुण्यात शिरतात ती नगर रस्त्याने. वाघोली, खराडी, येरवडा असे थांबे असतात. क्लीनर खराडी बायपासला ‘पुणे आलं’ म्हणून उठवतो आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. मुकुंदनगर तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. सहाच्या आधी पोचलात तर मेट्रो सुरू झालेली नसते, रिक्षावाला सांगेल तो दर. थोडं थांबून रामवाडीहून मेट्रो धरा, जिल्हा न्यायालय स्थानकात बदला आणि कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला उतरा. भुयारी भाग स्वारगेटपर्यंत २९ सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. बदलताना उंचावरच्या फलाटावरून थेट जमिनीखाली खोल उतरायचं असतं, तेव्हा आईला घेऊन सरकत्या जिन्यांऐवजी लिफ्ट शोधा.

एसटीने आलात तर गाडी शिवाजीनगरला म्हणजे आता वाकडेवाडीला थांबते. मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस स्थानक तिथे हलवलं. जुन्या जागेच्या हिशेबाने कुणी हॉटेल घेतलं असेल तर ते लांब पडेल. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं आहे, त्यामुळे तुमच्या तिघांत दोन अर्धी तिकिटं. आईचं ६५ वर्षांवरचं म्हणून आणखी वेगळं काही कमी होत नाही, सवलत एकच लागते. आधार कार्ड जवळ ठेवा.

जळगाव ते पुणे रस्त्याने संभाजीनगर-नगर मार्गे साधारण चारशे किलोमीटर, नऊ-दहा तास धरा. गुडघेदुखीला स्लीपरचा वरचा बर्थ नकोच. स्वतःची गाडी नेणार असाल तर रविवारी संध्याकाळी वाघोली ते शिक्रापूर हा पट्टा टाळा, तिथे सगळं बांधकाम-कारखाने आणि परतणारी गर्दी एकत्र येते. निघायचंच असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा.

मुक्काम स्वारगेट, मुकुंदनगर किंवा मार्केट यार्ड या भागात घ्या. स्टेशनजवळची खोली स्वस्त दिसते, पण रोज दोन वेळा शहर ओलांडावं लागतं आणि रात्री दहानंतर हजारो माणसं एकदम रिक्षा शोधतात. खोली ठरवताना एकच गोष्ट फोनवर विचारा: पहाटे पाचला आलो तर खोली मिळेल का, की बाराशिवाय नाही? आईबरोबर लॉबीत सात तास बसणं फार वाईट.

लळिंग, धुळे

पांझरा, तुमची योजना पक्की आहे, पण रविवारचा शेवट सोडायचं मला पटत नाही.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर १९५२ साली गेले आणि भीमसेनजींनी १९५३ पासून गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. भीमसेनजींनंतर बरीच वर्षं सांगतेचं गाणं प्रभाताई अत्रे गात असत. त्या जानेवारी २०२४ मध्ये गेल्या. आणि सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली जुनी ध्वनिमुद्रिका वाजवायची प्रथा आहे. दिवसभर मोठमोठे कलाकार ऐकल्यावर खरखरत्या तबकडीतून गुरूचा आवाज येतो आणि पूर्ण मांडव गप्प उभा राहतो. आईला एकदाच न्यायचं असेल तर ते चुकवू नका. सोमवारची अर्धी रजा मिळते का बघा. रविवारी रात्री खोली ठेवून सोमवारी पहाटेची एसटी, किंवा रात्री अकराच्या पुढे संगमवाडीहून सुटणारी ट्रॅव्हल्स. ट्रॅव्हल्सवाल्याला चढायची जागा आणि वेळ आदल्या दिवशी फोन करून पक्की विचारून घ्या.

पांझरा, धुळे

लळिंग, शेवटाचं मोल मान्य. पण चार दिवसांत दोन रात्री प्रवास आणि तीन दिवस गाणं ६८ व्या वर्षी जड जातं. असं करता येईल: शुक्रवार सोडून द्या. शुक्रवारी रात्री निघा, शनिवारी दुपारपर्यंत झोप, शनिवार-रविवार ऐका, सोमवारी अर्धी रजा. दोन्हींपैकी एकच निवडा. तिन्ही दिवस आणि शेवटही असा लोभ केला की तिसऱ्या दिवशी आई खुर्चीत झोपून जाते.

सातपुडा पायथा, यावल

भाऊ, पहिले तिकीट काढी ल्या, मंग बाकीनं देखा!

खाण्याचं कुणी लिहिलं नाही. मांडवाबाहेर फराळाचे स्टॉल असतात, पण मध्यंतरात रांग लागते आणि वेळेवर जेवायची सवय असलेल्या माणसाचे हाल होतात. दुधात कणीक भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज टिकतात, बरोबर कोरडी शेंगदाण्याची चटणी. भरीत न्यायचा मोह नको, ते दुसऱ्या दिवशी आंबतं.

गिरणाकाठ, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी अर्धी रजा, हे बसवतो. आता दोनच गोष्टी. थंडी किती असते? आणि शनिवारी-रविवारी दुपारपर्यंत आईला काय दाखवता येईल?

वाघूर, जामनेर

थंडी जळगावासारखीच, पण तुम्ही चार भिंतींत नसता. मांडवाला वर छत, बाजू मोकळ्या. आठनंतर पायांना गारवा लागतो. आईला लोकरीचे मोजे, कानटोपी आणि गुडघ्यावर टाकायला दुहेरी गोधडी. शाल खांद्यावर राहते, गुडघे उघडेच पडतात, म्हणून गोधडी वेगळी. पाठीशी ठेवायला छोटी उशी न्या, त्या खुर्च्यांना कमरेशी आधार नसतो.

दुपारपर्यंत एकच ठिकाण करा. राजा दिनकर केळकर संग्रहालय शुक्रवार पेठेत आहे, मंडई मेट्रो स्थानकापासून रिक्षाने जवळ. जुन्या वाद्यांचं दालन त्यातच आहे, संध्याकाळी ऐकायची ती वाद्यं सकाळी जवळून बघता येतात. जिने आहेत, तेव्हा तळमजल्यावर जास्त वेळ द्या. महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात सकाळी ‘षड्ज’ नावाने संगीतावरचे माहितीपट आणि ‘अंतरंग’ नावाने कलाकारांच्या मुलाखती होतात, पण ते बहुधा मधल्या वारी असतात. तुमच्या शनिवारी आहेत का ते पत्रिकेत बघा.

आणि यंदा काही कारणाने पुणं जमलंच नाही, तर आपल्या जळगावात जानेवारीच्या सुरुवातीला बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहात. वसंतराव चांदोरकर स्मृती प्रतिष्ठान तो भरवतं. बंद नाट्यगृह, पाठ टेकायची खुर्ची, घरून रिक्षाने दहा मिनिटं. आईला सलग तीन तास बसायला जमतं का, ते तिथे आधी कळेल.