मदत हवी आहे : शाळेतल्या लुटुपुटुच्या कंपनीचे मूल्यमापन कसे करावे?

नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये शिकवते. आमची बरीच मुले पुढे बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये कामाला लागतात. हाताचे काम ती लवकर शिकतात, पण साधा ईमेल लिहिताना किंवा वरिष्ठांना अडचण सांगताना अडखळतात, म्हणून यंदा नववीच्या वर्गाची एक काल्पनिक कंपनी केली आहे. खरेदी, विक्री, हिशेब आणि मनुष्यबळ असे चार विभाग असून माल म्हणजे कापडी पिशव्या आहेत.

गेल्या आठवड्यात हिशेब विभागातील मुलीने बिल अडवून धरले, कारण मालासोबतच्या चलनावर (डिलिव्हरी चलान) ४८ पिशव्या होत्या आणि बिलावर ५०. विक्रीचा मुलगा तिचा जिवलग मित्र, तरीही तिने दुरुस्तीचे पत्र मागितले. असे वागणे गुणपत्रिकेत कोणत्या रकान्यात मांडावे, हे मला उमगत नाही. बोलकी मुले आपोआप व्यवस्थापक होतात आणि अबोल मुले नोंदवहीतच अडकतात, याची मला अधिक काळजी वाटते.

भाषेचाही प्रश्न आहे. इथे सरकारी अर्ज कन्नडमध्ये, कंपन्यांचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीत आणि मुलांचा विचार मराठीत चालतो. तेव्हा कोणते कागद कोणत्या भाषेत करून घ्यावेत?

आपल्यापैकी कोणी असा उपक्रम राबवला असल्यास भूमिका किती दिवसांनी बदलल्या आणि गुण कसे दिले, हे कृपया कळवावे. कारखान्यात भरती पाहणाऱ्यांनी मुलाखतीचे नमुना प्रश्न दिल्यास फार उपयोग होईल.