अमेरिकेतल्या वर्णभेदाला ‘जात’ म्हणावं का?

निळी शाई:
इसाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ (२०२०) काल संपवलं. अमेरिकेतला वर्णभेद, आपली जातव्यवस्था आणि नाझी जर्मनी या तिन्हींना त्या एकाच मापाने मोजतात. कृष्णवर्णीयांविषयी वाचायला मराठी माणसाने इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. रक्ताचा एक थेंब काळा निघाला तरी माणूस काळाच, हा तिथला नियम. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी काही राज्यांत १९६७ पर्यंत टिकली. हे आपल्याला वेगळं समजावून सांगावं लागतं का? फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीसुद्धा गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना.

तळटीप:
अजिबात पटलं नाही. ओळखीचं वाटलं की आपण पुढे शोधतच नाही. गुलाम बाजारात विकला जाई, त्याला तारण ठेवून कर्ज काढलं जाई. कापसाचा सगळा पैसा त्याच्या पाठीवर उभा होता. ‘जात’ म्हटलं की हा हिशेबच नजरेआड होतो. ऑलिव्हर कॉक्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच ही तुलना खोडली होती. त्याच्या मते वर्णभेदाचं मूळ भांडवलदारांना लागणाऱ्या स्वस्त मजुरीत आहे. बाबासाहेबांनीही दोन्हींतला फरक दाखवलाय: गुलाम ही मालमत्ता, म्हणून मालक त्याला जपतो; अस्पृश्य जगला काय, मेला काय, जबाबदारी कुणाचीच नाही.

निळी शाई:
त्याच बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं! अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या, अस्पृश्यही तसंच करायच्या विचारात आहेत असं कळवलं. साम्य दिसल्याशिवाय?

तळटीप:
साम्य मी कुठे नाकारतोय? दोन्हींना एकच नाव द्यायला माझा विरोध आहे.

रात्रपाळी:
मी म्हणेन, आधी विल्करसनबाईंचंच २०१० चं ‘द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स’ वाचा. १९१५ ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली, त्यातल्या तिघांची ही हकिकत. रॉबर्ट फॉस्टर हा शल्यचिकित्सक, सैन्यात कॅप्टन राहिलेला. १९५३ मध्ये लुइझियानाहून एकटाच गाडी हाकत कॅलिफोर्नियाला निघतो. ॲरिझोनात रात्र होते, डोळे मिटायला लागतात आणि एकामागून एक मोटेलवाले खोली नाकारतात. तसाच पेंगत वाळवंट कापत तो पुढे जातो. मी ती पानं दोनदा वाचली. ‘जात’ हा शब्द नसताना.

निळी शाई:
आणि मला ती पानं वाचताना आडनाव विचारून भाड्याची खोली नाकारणारे आपल्याकडचे घरमालकच आठवले. म्हणून तर मी तो शब्द सोडत नाही.

तळटीप:
फॉस्टरला कुणी आडनाव विचारलं नाही. त्याचा चेहरा दिसला, तेवढं पुरलं. हा फरक मला फार मोठा वाटतो.